आबांच्या गळ्यातलं लोहचुंबक

"हर्षदा, म्हाताऱ्याच्या हातात नवं काय बी दिऊ नगंस. लोहचुंबक तर न्हाईच न्हाई!"

सासूबाई असं म्हणाल्या तेव्हा मी हसले. कुणीही हसलं असतं! सुरी नको, काडेपेटी नको, हे समजू शकते. लोहचुंबकानं काय होणार? त्यात मी बी.एस्सी. फिजिक्स, सेकंड क्लास! शिवाय अंकिताला नुकतेच दोन दात आलेले, त्यामुळे ती काय तोंडात घालेल या धास्तीनं दिवसभर जमिनीकडे बघत फिरणारी बाई मी. घरातलं सावधपणाचं खातं माझ्याचकडे!

लोहचुंबकाचं कारण असं, की दौंडला रेल्वेतून रिटायर झाल्यापासून आमच्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, जुन्या नाण्यांचा नाद लागला होता. शिवराई, ढब्बू पैसा, भोकाचा पैसा, सगळी मंडळी आमच्या करंज्यांच्या डब्यात नांदत होती. नव्हता फक्त राणी छाप चांदीचा रुपया. आणि तो होता शिरूरच्या हौसरावाकडे. हौसराव बाजारात जुन्या वस्तू विकायचा. माणूस गुळाच्या ढेपेसारखा, गोड आणि हात लावला की चिकटणारा!

"आबा, पुण्याची पार्टी मागं लागलीय, पर म्या म्हणलं, ही राणी गेणबाआबांचीच!"

आबा विरघळायला लागले होते. पेन्शन हौसरावाच्या खिशाकडे निघालेली मला स्वच्छ दिसत होती. ती वाचवायला मी ह्यांच्या बिघडलेल्या टेपच्या स्पीकरमधलं गोल लोहचुंबक काढलं आणि आबांची शिकवणी घेतली.

"आबा, एकदम सोपं. चांदी, तांबं लोहचुंबकाला चिकटत नाही. चिकटलं की समजायचं, खोटं!"

"आन् न्हाई चिकटलं की खरं?"

"अर्थात!"

"नक्की?"

"आबा, मी फिजिक्स शिकलेय!"

आबांनी चुंबक करदोट्यात ओवून गळ्यात घातलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "दुधाचं मीटर आणलं तवा बी असंच झालं. गवळी यायचा बंद झाला, आन् मी वरीसभर कोरा च्या पिले!"

पुढच्याच बाजाराला आबांनी राणीला गळ्याशी धरलं. चिकटली नाही! आबा रुपया घेऊन घरी आले ते नवी सून आणल्यासारखे. "सूनबाई, अस्सल!" पेढे वाटले. माझी कॉलर इतकी ताठ झाली की साडी नेसूनही दिसावी!

दुसऱ्या दिवशी आबा कोपऱ्यावरच्या भैरूच्या दुकानातून साखर घेऊन आले आणि सुट्टे पैसे छातीला लागले. चट्! नवा बारका रुपया चुंबकाला लटकला. दुसरा लावला. चट्! जुना मोठा रुपया लावला, तो मात्र खाली पडला.

आबा माझ्याकडे बघत राहिले. "मोठा चिकटत न्हाई. बारका चिकटतोय. म्हंजी?"

आणि मी, सेकंड क्लास मी, बोलून गेले, "म्हणजे… खोटा!"

पुढं मला काही करायला उरलं नाही. आबांनी भैरूच्या गल्ल्यावर छाती टेकवली. उठले तेव्हा गळ्याखाली मधमाश्यांचं मोहोळ लागावं तसे रुपये लोंबत होते.

"आबा, बँकेतनं आणलेत ओ!" भैरू रडकुंडीला आला.

"मग बँक बी त्यातलीच!"

दुपारपर्यंत अख्ख्या कॉलनीत नवा रुपया बाद! भाजीवाली घेईना, रिक्षावाला घेईना. कॉइन बॉक्सच्या फोनपुढे रांग लागली. "हॅलो, मामा? काय न्हाई, काम काय बी न्हाई. रुपया खपवतोय!" देवळातली पेटी दुपारीच कधी नव्हे ती गच्च भरली. भक्ती एवढी दाटून आली, की संध्याकाळी पुजाऱ्यानं पाटी लावली : देवाला नवा रुपया चालत नाही. एक हवालदार "तपासासाठी" आले. तपास त्यांच्या स्वतःच्याच पिशवीतल्या रुपयांचा होता!

संध्याकाळी आमचे हे, संपतराव, कुरकुंभहून कंपनीतली शिफ्ट संपवून आले. ऐकलं आणि दारातच बसले.

"अगं, नवा रुपया स्टीलचा असतो! सरकारच तसा पाडतं!"

"पण सगळं स्टील चिकटत नाही. माझा पोळ्यांचा डबा कुठं चिकटतो?" मी शेवटची धडपड केली.

"रुपया चिकटतो ना?"

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की अंकिता गप्प आहे. दात येणारं मूल गप्प असणं यासारखी भयंकर गोष्ट नाही! मी झडप घातली, तोंडात बोट घातलं आणि राणी बाहेर काढली. राणीच्या गालावर दोन दात स्पष्ट उमटले होते, बेसनाच्या लाडवावर उमटावेत तसे.

ह्यांनी नख लावलं, तेही उमटलं. "चांदी कसली? हे शिसं!"

शिसंही लोहचुंबकाला चिकटत नाही. मलाही ते शिकवलं होतं. शिसं विषारी, म्हणून अंकिताला उचलून डॉक्टरांकडे धावले. "पोरीला काही झालेलं नाही, तुम्ही पाणी प्या," ते म्हणाले.

घरी येऊन आबांपुढे सगळं कबूल केलं. रुपया खरा, राणी खोटी. आबांनी राणी गळ्याला लावली, सोडली आणि माझ्याकडे फार मायेनं बघितलं.

"चिकटली का? न्हाई ना? मग! पोरी, तू घाबरलीयास. फिजिक्स खोटं बोलंल व्हय?"

आता दर बाजारी आबा शिरूरला असतात. हौसरावानं त्यांना स्वतःशेजारी खुर्ची दिली आहे. गिऱ्हाईक आलं की आबा राणी गळ्याला लावतात आणि गर्जतात, "अस्सल! आमची सूनबाई बी.एस्सी. हाय!"

सासूबाई कोरा चहा पितात आणि माझ्याकडे बघतात.

म्हणून तुम्हालाच विनंती. शिरूरकडे गेलात तर तेवढं बाजारात डोकावा. पांढरी टोपी, गळ्यात स्पीकरचं चुंबक. डबा खाल्लाय का, उन्हात तर बसले नाहीत ना, एवढं बघा. आणि हळूच सांगा, सूनबाईनं घरी बोलावलंय.

फक्त खिशातले नवे रुपये घरी ठेवून जा!