रजिस्टरातला दुधाचा रकाना

जळगावात दातांचे डॉक्टर पुष्कळ, पण दात बघण्याआधी "लेकरू कधी प्यालं?" असं विचारणारे आमचे नाना एकटेच. त्यांच्याकडे नंबर लावायचं काम मी वीस वर्षं केलं. रजिस्टरात मी चार रकाने आखले होते: नाव, गाव, दात, तक्रार. पाचवा नानांनी वाढवला: दूध. तो अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी. एका निवृत्त हवालदारांनी मात्र हट्टाने आपल्या नावापुढे लिहून घेतलं, 'सकाळी, पावशेर, म्हशीचं.'

नानांचं वेळापत्रक लेकरं ठरवायची. माझ्या यादीतला साडेदहाचा सावद्याचा केळीवाला बाराला खुर्चीवर बसायचा, कारण आत कुणाचं तरी बाळ पीत असायचं. तो कुरकुरला की नाना म्हणत, "तुमची दाढ भुकेनं रडत नाही, भाऊ." बाहेरच्या खोलीत मधल्या हुकाला झोळी टांगलेली. तिच्यासाठी पंखा कोपऱ्यात गेला आणि पेशंट घामाघूम.

एकदा पाचोऱ्याहून सासू-सून आल्या. सुनेचा डावा गाल टम्म फुगलेला, कडेवर तीन महिन्यांची मुलगी. सासूबाईंनी आधीच ठणकावलं, "गोळी द्या. सुई नको. सुईनं बठ्ठं दूध नासी जाई."

नानांनी समजावलं. सुई हिरडी बधिर करण्यापुरती. दूध तोडायचं नाही, पिळून टाकायचंही नाही. गोळ्या बाळाचं वय बघूनच लिहीन. पण पू आजच काढायला हवा, तो पसरला तर आईच आडवी होईल.

"आमी लवंग धरीसन दिन काढात," म्हणत सासूबाईंनी पिशवी उचलली. सून गाल धरून मुकाट उठली.

नानांनी खुर्चीमागच्या फोटोकडे बोट केलं. डाव्या गालावर पदर ओढलेली बाई. तो फोटो मी रोज पुसायचे. लाजाळू असेल, असंच मला वाटायचं.

"अक्का, ही मन्ही माय शे. मी अंगावर पेत व्हतू, म्हनीसन तिनी बी लवंगच धरी. पू गाल फोडीसन बाहेर उना. डाग जलमभर राहिना."

सासूबाई फोटोकडे बघत राहिल्या. मग पिशवी खाली ठेवून सुनेला म्हणाल्या, "आधी पाज. मग बस खुर्चीवर."

पू निघाला, दाढ निघाली. तोवर झोळी सासूबाईंनीच हलवली. थोड्या वेळाने लेकरू पुन्हा भुकेलं आणि सून पडद्याआड पाजायला बसली, तेव्हा नानांनी बाहेरून तीनदा विचारलं, "पितेय ना?" बधिर ओठांतून कसंबसं "हो" आलं, तेव्हा कुठे ते चहाला बसले.

गेल्या दिवाळीला नानांनी दवाखाना बंद केला. सामानाची यादी अर्थात मीच केली: खुर्ची, आरसे, चिमटे, झोळी. फोटो त्यांनी यादीत घालू दिला नाही. पिशवीत ठेवताना काचेवर, पदर होता तिथे, हलकेच अंगठा फिरवला. हिरडी दाबून बघताना फिरवायचे तसाच.

"फार दुखलं असेल हो हिला, मंगलताई," ते म्हणाले.