आधी टेलवाल्याला

इंटरनेट चालू आहे की नाही हे औटेसाहेब कॉम्प्युटरवर बघत नाहीत. ते सकाळी स्कूटर काढतात, बायपासच्या पलीकडे केबल जिथं संपते त्या दवाखान्यात जातात आणि सिस्टरना विचारतात, "पोचलं का?" सिस्टर हो म्हणाल्या की गारखेड्यातल्या आपल्या कार्यालयात येतात आणि वाटेत आमच्या वाचनालयाच्या दारात डोकावून सांगतात, "ताई, आता तुम्ही वापरा."

जसं काही तोवर मी नळ बंद करूनच बसलेली असते.

साहेब वॉर्ड कार्यालयात वरिष्ठ लिपिक. त्यांचं कार्यालय, मी ग्रंथपाल आहे ते वाचनालय, दोन शाळा आणि तो दवाखाना अशा सरकारी बिऱ्हाडांना मिळून एकच फायबरची केबल आली, तेव्हा तिची देखरेख कुणी करायची असा प्रश्न निघाला. बाकी सगळ्यांनी माना खाली घातल्या. औटेसाहेबांना ते वेळेत सुचलं नाही, म्हणून काम त्यांच्या गळ्यात पडलं.

साहेब मूळचे पैठणकडचे, कालव्याच्या काठी वाढलेले. त्यामुळे केबल म्हणजे त्यांच्या लेखी कालवाच. बंद पडली की "फुटला कुठंतरी", वेग मंदावला की "वरच्यांनी लई ओढलं". आणि कालव्याचा त्यांचा कायदा एकच: पाणी आधी टेलवाल्याला, म्हणजे अगदी शेवटच्या शेताला. वरच्यांनी मागून घ्यावं, त्यांच्या तर दारातूनच जातं.

केबलचं काम बघणाऱ्या तृप्ती नावाच्या तरुण इंजिनिअरने एकदा शाळेच्या फळ्यावर आकृती काढून त्यांना समजावलं, की या तारेतून उजेड जातो, तो एवढ्याशा वाटेत आटत नाही, पहिल्याला आणि शेवटच्याला एकदमच मिळतो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तार बरोबर हाय पोरी तुझी," ते म्हणाले. "पण वरचा माणूस बी बरोबर हाय का?"

तृप्तीने फळा पुसला.

पुढे रस्ता रुंद करताना बायपासजवळ केबल तुटली. केबल वापरणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या समितीच्या बैठकीत वॉर्डाच्या मोठ्या साहेबांनी ठरवून टाकलं, की शेवटचा तुकडा पुन्हा जोडायचा नाही. पेशंट थोडे, मोबाइलवर भागवा. त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई केबलच्या जोरावर शहरातल्या तज्ज्ञांना पडद्यावर पेशंट दाखवायच्या. आता गुडघे धरून चालणाऱ्या म्हाताऱ्यांनी रिक्षा बदलत शहरभर हिंडायचं होतं.

औटेसाहेब "व्हय साहेब" म्हणाले आणि पुढची बैठक दवाखान्यातच ठेवली. "जागा मोकळी हाय, हवा बी चांगली हाय."

नेमकी त्याच वेळी मोठ्या साहेबांची वरिष्ठांबरोबर ऑनलाइन बैठक निघाली. हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं औटेसाहेब अजूनही सांगतात. मोठ्या साहेबांनी मोबाइल खिडकीत धरला, मग व्हरांड्यात, मग जिना चढून गच्चीवर टाकीशेजारी. वरिष्ठांना दिसत होतं ते फक्त त्यांचं उघडं तोंड, तेही थिजलेलं. खाली औटेसाहेब सिस्टरकडून बीपी तपासून घेत होते. "नॉर्मल हाय," त्यांनी मला सांगितलं.

मोठे साहेब खाली आले आणि पहिलाच ठराव झाला तो तुकडा जोडायचा.

जोडला त्या दिवशी मीही स्कूटरवर मागे बसून गेले. पडद्यावर तज्ज्ञ डॉक्टर उमटले आणि एक आजोबा त्यांना मोठ्या विश्वासाने जीभ दाखवू लागले. परत निघताना मी म्हणाले, "साहेब, आता फोनवर विचारत जा. रोज एवढ्या लांब कशाला यायचं?"

त्यांनी स्कूटर सुरू केलीच नाही.

"आमचं रान टेलला होतं, ताई. पाणी सुटायच्या दिवशी माझा बाप धुवट सदरा घालून बांधावर बसायचा. कुणी साहेब बघायला आला तर बरं दिसावं म्हणून. पाणी नाय यायचं, त्याचं त्याला काय वाटत नव्हतं, ते ठाऊकच होतं. पण कुणी विचारायला बी नाय आलं कधी. सांजच्याला सदरा काढून घडी घालून ठेवायचा. मळलेलाच नसायचा."

"जात जा तुम्ही रोज, साहेब," एवढंच मी म्हणाले.