ओरडा, आपल्याच पोरावर!

“शनिवारी शेवटच्या मिनिटाला थॅड मैदानातच असेल आणि फ्री थ्रोसुद्धा घालेल! लिहून घ्या!” असं म्हणत मर्ल हॉस्टेटलरने लॉर्नाच्या हॉटेलात हातातला कॉफीचा मग असा आपटला, की शेजारच्याच्या अंड्यांवर कॉफी सांडली.

मर्ल म्हणजे पाइन ग्रोव्ह हायस्कूलचा बास्केटबॉल कोच. इंडियानातल्या आमच्या या गावात पाद्री चुकला तर लोक सांभाळून घेतात, कोचला ती सवलत नाही. गावाची वस्ती तीन हजार, शाळेच्या जिममध्ये खुर्च्या चार हजार. यावरून काय ते समजा.

“मर्ल, पोरगा डोंगर आहे, कबूल!” खत-बियाण्यांच्या दुकानाचा मालक ऑर्सन पिकेट म्हणाला. संघाच्या समितीचा अध्यक्षही तोच. “पण शंभरात एकतीस फ्री थ्रो? अरे, शेवटची दोन मिनिटं उरली की समोरचे त्याला सरळ मिठी मारतात! फाउल! दोन फ्री थ्रो! दोन्ही बाहेर! त्याला बाकावर बसव लेका, नाहीतर...”

“नाहीतर काय?”

“नाहीतर पुढच्या वर्षी तू घरी बस. समितीनं ठरवलंय.”

एकवीस वर्षं मर्ल या गावाचा कोच होता, दुसरं काही त्याला येतही नव्हतं. पण थॅड ग्रेबलला बसवायचं कसं? सहा फूट अकरा इंच! वर्गातला दिवा हा पोरगा जमिनीवर उभा राहून बदलतो. बास्केटखाली उभा राहिला की समोरचे पाच जण रस्ता विचारायला आल्यासारखे वर बघतात. चेंडू त्याच्या हातात गेला की दिसेनासा होतो, आणि पुन्हा दिसतो तो थेट जाळीतून खाली येताना. त्याला खेळताना पाहिलं की मर्लचे डोळे अजूनही भरून यायचे. देवानं एवढं सगळं दिलं आणि पंधरा फुटांवरून, समोर कोणी आडवं नसताना, एक साधा चेंडू टाकायचं तेवढं राहून गेलं!

मर्ल थेट ग्रेबलांच्या लाकडाच्या गिरणीवर गेला. शेडला ठोकलेल्या कड्यात थॅड चेंडू टाकत होता. बाजूला करवत कान फाटेस्तोवर किंचाळत होती. वीसपैकी एकोणीस आत! मर्लने आ वासला. एवढ्यात करवत बंद पडली. पुढचे चारही बाहेर!

“हे काय रे?”

“कोच, शांतता झाली की हात थरथरतात माझे,” थॅड ओशाळून म्हणाला. “लहानपणापासून आवाजातच टाकत आलोय.”

मर्लने धावत घरी जाऊन सामन्यांची वही उघडली. बाहेरगावच्या सामन्यांत, जिथे हजारो लोक थॅडच्या नावानं बोंबलतात, तिथे चाळीसपैकी सत्तावीस. आणि घरच्या मैदानावर? साठपैकी चार! कारण आमच्या गावची रीत! आपला खेळाडू फ्री थ्रोला उभा राहिला की सगळं गाव श्वास रोखतं. लाह्यांचं यंत्रसुद्धा बंद करतात!

शुक्रवारी मर्लने हॉटेलात फर्मान काढलं. “उद्या थॅड उभा राहिला की ओरडायचं! शिव्या घाला, पाय आपटा!”

“आपल्याच पोराला?” ऑर्सन किंचाळला.

“आपल्याच पोराला!”

थॅडची आई अर्नेस्टीन शेजारच्या गावी वृद्धाश्रमात कामाला होती. तिला हे थॅड सांगेल, असं मर्लला वाटत होतं. कोच सांगतील, असं थॅडला वाटत होतं.

शनिवारी चार हजार खुर्च्या भरल्या. थॅड काय खेळला! चौतीस गुण! तिघांच्या डोक्यावरून त्यानं चेंडू असा उचलला, जशी फळीवरची बरणी काढावी. त्याला फाउल झाला, तेव्हा गाव उठलं. “चुकणार! चुकणार! अरे लांबुडक्या, घरी जा!” पाद्रीबाबा तर बाकावर चढले. चारपैकी चार आत! मर्लला गगन ठेंगणं झालं.

नऊ सेकंद उरले होते. आपण एका गुणाने मागे. थॅडला फाउल. दोन फ्री थ्रो. गाव पुन्हा गरजलं, “चुकणार रे ढोल्या!” आणि नेमक्या त्याच क्षणी अर्नेस्टीन ड्यूटी संपवून दारातून आत आली.

तिने ऐकलं. ती तरातरा चालत गेली आणि निवेदकाच्या हातातला माइक तिने काढून घेतला.

“लाज नाही वाटत? माझ्या लेकराला शिव्या? ऑर्सन, तुझ्या लग्नात केक कोणी केला होता? पाद्रीबाबा, खाली उतरा आधी!”

जिम असं शांत झालं, की घड्याळाचा आवाज ऐकू येऊ लागला. पाहुण्या गावच्या लोकांनीसुद्धा टोप्या काढल्या.

मर्ल एकटाच जिवाच्या आकांतानं ओरडला, “चुकणार!”

“मर्ल! तूसुद्धा?” अर्नेस्टीनचा माइक गरजला. दोघं एका वर्गात शिकलेले. मर्ल खाली बसला.

पहिला फ्री थ्रो कड्यावर आपटून बाहेर. थॅडचे हात थरथरत होते. मर्लला शाळेतलं आपलं रिकामं केलेलं कपाट दिसू लागलं. दुसरा सुटला, तोही कड्यावर! पण चेंडू कड्याला लागताच थॅड निघाला होता. एक जण कमरेला, एक दंडाला, एक पाठीला लटकलेला. त्या तिघांसकट तो वर गेला, जाऊ लागला, जातच राहिला आणि चेंडू दोन्ही हातांनी जाळीत कोंबूनच खाली आला. कडं पुढं मिनिटभर हलत होतं. एका गुणाने जिंकलो! चार हजार माणसं नुसती वर बघत होती. मर्ल ढसाढसा रडला.

सोमवारी हॉटेलात ऑर्सननेच कॉफी पाजली आणि खिशातून कागद काढला. “पाच वर्षांचा करार करतो तुझ्याशी! पुढचा सामना बाहेरगावी, सहा हजार लोक बोंबलणार. आता चिंताच नाही!”

“अजिबात नाही!” मर्ल छाती फुगवून म्हणाला.

तेवढ्यात अर्नेस्टीन आली, हसतमुख. “मर्ल, त्या दिवशी रागावले, मनावर घेऊ नकोस. पण मी पुढची काळजीच मिटवली. त्या गावच्या मुख्याध्यापकांना फोन केला. म्हटलं, माझा लेक फ्री थ्रोला उभा राहिला की कृपा करून कोणी चकार शब्द काढू नका. इतकी भली माणसं! लगेच हो म्हणाले. आज संध्याकाळपासून गप्प बसायची तालीम घेणार आहेत!”

ऑर्सनने करार हळूच खिशात परत घातला.