आबाजींचा पहिला ट्रंक कॉल

सरकारनं महाळुंग्याला टेलिफोन दिला, तेव्हा गावानं हलगी वाजवून त्याची मिरवणूक काढली. त्यानंतर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

पोस्ट आबाजींच्या ओसरीवर भरायचं, म्हणून फोनही तिथेच भिंतीवर बसला. खेड्यातल्या फोनला तोटा येणार हे सरकारला ठाऊक होतं आणि तो सोसायला सरकार तयार होतं. अट एकच होती, गावानं फोन वापरायचा. सहा महिन्यांत नोंदवही कोरी दिसली, तर फोन उचलून दुसऱ्या गावाला. पाच महिने उलटले, तरी वहीत आबाजींनी पहिल्या दिवशी काढलेल्या 'श्री'खेरीज काही नव्हतं.

आबाजी दारोदार फिरले. नानासाहेब पाटील म्हणाले, "बोलायचं कुनाशी, आबा? भाऊ हाय, पर तो शेजारी ऱ्हातो. आन् त्याच्याशी मी बोलत न्हाई."

शिवाय गावाला तारेची धास्ती होती. आजवर तारेवरून आली ती मयताचीच बातमी. तार आली म्हटलं की बायका आधी रडून घेत आणि मग कुणाकडून तरी वाचून घेत.

शेवटी आबाजींनी ठरवलं की पहिला फोन आपणच करायचा. पिंपरीला, लेकीला. (हे देशकार्य आहे असं ते म्हणाले. खरं कारण त्यांची बायको गोजाबाई होत्या.) शालनला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण विहीणबाई, सोजराबाई, तिला धाडत नव्हत्या. "तुमच्या खेड्यात ना डॉक्टर, ना दवाखाना. हितं कंपनीचा दवाखाना हाय," असं त्यांनी दिवाळीत आबाजींना तोंडावर सुनावलं होतं. तेव्हापासून गोजाबाईंनी दोनदा डिंकाचे लाडू करून ठेवले आणि दोन्ही वेळा ते आबाजींनी खाल्ले. (दुःखात.)

तर एका सकाळी आबाजींनी आंघोळ करून फोनला फूल वाहिलं आणि हँडल फिरवलं. गोजाबाई नवं लुगडं नेसून, पदर सारखा करून शेजारी उभ्या राहिल्या.

"तिला दिसनार हाईस का तू?" आबाजी म्हणाले.

"न्हाई दिसंना. लेकीशी बोलायचं ते फाटक्या लुगड्यानं बोलू का?"

पिंपरीच्या पोस्टातला माणूस शालनला बोलवायला चाळीत गेला. अर्ध्या तासानं तिकडून निरोप आला, "घरची सगळी मंडळी निघालीत." आबाजींना वाटलं, पोस्टात यायला निघालीत. ते रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले. तासाभरानं कान बधिर झाला. मग लाइनही कापली गेली. गोजाबाईंनी नवं लुगडं सोडलं, घडी घालून पेटीत ठेवलं आणि धुणं घेऊन नदीवर गेल्या. पेटीत गेलेलं ते लुगडं आबाजींना फार लागलं. ते ओसरीवर आडवे झाले, माश्या बसू नयेत म्हणून उपरणं तोंडावर ओढलं आणि त्यांचा डोळा लागला.

जाग आली ती हंबरड्यानं.

"कसं वो सोडून गेला, इवाई!" सोजराबाईंचा आवाज होता. पिंपरीहून एसटीनं चाकण आणि चाकणहून बैलगाडी करून चाळीतली नऊ माणसं आली होती. महाळुंग्याहून फोन आलाय म्हटल्यावर कोण गेलं, एवढाच प्रश्न उरला होता आणि तो ओसरी पाहताच सुटला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून त्यांनी टोपलंभर पिठलं-भाकरीही आणली होती. बघता बघता गाव गोळा झालं.

आबाजी उठणारच होते. पण सोजराबाई पुढं म्हणाल्या, "देवमाणूस व्हता वो! कुनाला कंदी वाकडा शबूद न्हाई!"

असं आबाजींविषयी उभ्या जन्मात कुणी बोललं नव्हतं. (गोजाबाई तर नाहीच.) त्यांनी विचार केला, आणखी थोडं ऐकू.

"आमीच पापी! त्याची लेक अडकवून ठिवली! पैलं बाळंतपण माहेरी न्हाई, ह्यो घोर घिऊन गेला वो!"

आणि मग शालनचा हुंदका आला. "आबा," एवढंच ती म्हणाली. लहानपणी ताप आला की ती असंच म्हणायची. आबाजींना ते सोसवेना. त्यांनी उपरणं बाजूला केलं आणि उठून बसले.

"रडू नगंस, बाळ. इहीणबाई, मग आता ठिवताय न्हवं हिला हितं?"

सोजराबाई जी किंचाळल्या, ती किंकाळी ऐकून गोजाबाई नदीवरून ओल्या धुण्यासकट धावत आल्या. दारात लेक पाहिली आणि धुणं तिथंच मातीत पडलं.

सगळं निवळल्यावर सोजराबाईंनी धसका जिरवून पवित्रा बदलला. "पर हितं डॉक्टर न्हाई ते न्हाईच."

आबाजींनी भिंतीकडे बोट केलं. "ते फिरवलं की चाकनचा डॉक्टर दारात."

कबुली साऱ्या गावादेखत दिलेली होती. सोजराबाईंनी शालनला ठेवायला मान डोलावली. मग सगळ्यांनी मिळून पिठलं-भाकरी खाल्ली. स्वतःच्या मयताची भाकरी आबाजींना फार गोड लागली.

वहीत एकच ओळ झाली होती, म्हणून आबाजींनी अर्ज करून फोनखात्याच्या साहेबांकडून दोन महिन्यांची मुदत मागून घेतली. शालनला कळा लागल्या त्या भर दुपारी, आणि सुईण म्हणाली, "मूल आडवं हाय." आबाजींनी हँडल फिरवलं. डॉक्टर मोटारसायकलवरून आले आणि तिन्हीसांजेच्या आत नात रडली. तिचं रडणं ऐकून आबाजीही रडले, आणि कुणी हसलं नाही. पुढं साहेब वही तपासायला आले, तेव्हा तिच्यात तीनच ओळी होत्या. त्यांनी दुसरी ओळ दोनदा वाचली, पाळण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू द्या फोन. तोटा सरकारचा."

तिसरी ओळ नातीच्या बातमीची. नात झाली त्याच संध्याकाळी आबाजींनी पिंपरीला फोन लावला होता. पोस्टातला माणूस चाळीत जाऊन एकटाच परत आला आणि त्यानं सोजराबाईंचा निरोप जसाच्या तसा सांगितला:

"इवायांना म्हनावं, तुमच्यासाठी आमचं एकदा रडून झालंय. आता खरंच गेला आसाल, तर सवता येऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी आबाजी पेढे घेऊन सायकलनं पिंपरीला गेले.