आप्पांचे दोन डबे

आमच्या शेजारचे आप्पा टकलाच्या फक्त उजव्या बाजूला तेल लावायचे. केस उगवायचं तेल होतं ते, सुनेनं हौसेनं आणलेलं. डावी बाजू कोरडी का, असं विचारलं की म्हणायचे, "मग तेलानं उगवलं का आपसूक उगवलं, कसं कळायचं? मोजल्याबिगर श्रेय द्यायचं न्हाय!" केस कुठल्याच बाजूला उगवले नाहीत. आप्पा तरी खूश. निकाल स्पष्ट लागला होता.

अशा माणसाच्या हयातीत सरकारनं कृत्रिम पाऊस पाडायला काढला. दोन हजार सालानंतरची ती कोरडी वर्षं. विमान ढगांत मीठ फवारणार असं पेपरात आलं आणि आख्खी गल्ली माना वर करून बसली. आप्पा तेवढे बाजारात गेले आणि एकाच मापाचे दोन पत्र्याचे डबे घेऊन आले. एक स्वतःच्या गच्चीवर ठेवला, दुसरा माझ्या हातात दिला. "सुरेश, शिरोळला रावसाहेबाकडं पोचव. विमान तिकडं फिरणार हाय, हिकडं न्हाय. दोन्हीकडचं मोजलं तरच खरं काय ते कळंल."

मी गारच पडलो. रावसाहेब म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. आप्पांच्या मुलीच्या लग्नात गडबडीत त्यांना मानाचा फेटा बांधायचा राहून गेला, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. पण रावसाहेबांनी डबा मुकाट्यानं ठेवून घेतला.

मग रोज सकाळी आप्पा आमच्या घरी फोनला हजर. बोलायचं मात्र मी.

"इचार, किती पडला?"

"सांगा त्यास्नी, बोटभर," तिकडून रावसाहेब.

"इचार, डबा झाडाखाली न्हाय न्हवं?"

"म्हणावं, मला अक्कल हाय!"

या भानगडीत माझा चहा निवायचा. पावसाचं झालं की आप्पा उसाचं विचारायला लावायचे, मग भावजयीच्या गुडघ्यांचं. "दमट हवेचा परिणाम बघाय नगो?" असं वर मलाच सुनावायचे.

विमान गेलं, पावसाळाही संपला. कधी इकडचा डबा जास्त भरला, कधी तिकडचा. श्रेय कुणाला द्यायचं ते आप्पांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. दिवाळी झाली तरी ते येतच राहिले. एकदा मी वैतागून म्हणालो, "आप्पा, आभाळात ढग नाही. आता काय मोजायचं?"

त्यांचा चेहरा उतरला. "शून्य पण मोजाय लागतंय रं," ते हळूच म्हणाले. "लाव की."

मी फोन लावला, नेहमीचं विचारलं. रावसाहेब दबक्या आवाजात म्हणाले, "पावणं, डबा मी दसऱ्यालाच काढून ठेवलाय. त्यास्नी सांगू नगासा. उद्या फोन करा मातर."

आप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते.

"शून्य," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि चपला शोधायला लागले. दारात जरा थांबले.

"आवाज बरा हाय न्हवं त्याचा?"