दिगंबर कुरणे यांची रजा

दिगंबर कुरणे डिसेंबरात वारले, आणि मार्चअखेर त्यांच्या बॅजवर सहा पूर्णांक एक मिलिसिव्हर्ट डोस आला.

रुग्णालयाच्या तळघरात न्यूक्लिअर मेडिसिन विभाग आहे. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला छातीवर बॅज लावावा लागतो. अंगाला किती किरणोत्सार लागला ते बॅज टिपतो आणि दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. दिगंबरांच्या नावाचा बॅज अजून येत असे, कारण नाव कमी करण्याच्या अर्जावर कर्मचाऱ्याची स्वतःची सही लागते. तो बाहेर बोळात खिळ्याला टांगलेला असे. त्यांची पत्नी हेमलता त्याच विभागात तंत्रज्ञ होती आणि जानेवारीपासून दोघांचे काम एकटी करत होती. तिच्या बॅजवर शून्य आले होते.

किरणसुरक्षा अधिकारी तांबोळी यांनी बॅजची अदलाबदल झाली असावी असे धरून खिळा दुसऱ्या भिंतीवर हलवला. जूनअखेर दिगंबरांचा डोस सहा पूर्णांक चार आला, हेमलताचा शून्य. तांबोळींनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, 'कर्मचारी कामावर हजर असावा,' आणि खिळ्यापाशी खिशात ठेवायचे, डोस मोजणारे एक मीटर टांगले. त्यावर वर्षाची चालू बेरीज रोज दिसे.

हेमलताला यात नवल वाटले नाही. औषधाच्या खोलीच्या दारावर दोन बाजूंची लाकडी पाटी होती. एका बाजूला 'हेमलता', दुसऱ्या बाजूला 'दिगंबर'. रोज सकाळी शिशाच्या भांड्यातून दिवसाचे किरणोत्सारी औषध काढावे लागे. विभागात त्याला धार काढणे म्हणत. ज्याचे नाव पुढे, धार त्याची. एक दिवस आड असे ठरले होते, आणि दिगंबरांनी ते वीस वर्षांत पाळले नव्हते. ती एप्रन घ्यायला वळली की ते पाटी उलटी करत, आणि "काल तुझी झाली ना गं" म्हणत आत शिरत. आताही ती एप्रन घालून येई तेव्हा 'दिगंबर' पुढे असे. धार ती काढे, डोस त्यांना लागे.

"मी नाही हात लावला हो बाई," यमुनामावशी फरशी पुसता पुसता सांगत. "सर आधीपासून तसलेच."

सप्टेंबरअखेर बेरीज अठरा पूर्णांक आठ झाली. तांबोळींनी तिला बोलावून घेतले.

"वर्षाची मर्यादा वीस आहे, मॅडम. वीस ओलांडले की नाव कायमचं कमी. तिथे सही लागत नाही."

"मग ते येणार नाहीत?"

"नाव नसलेल्या माणसाला तळघरात प्रवेश नाही."

"बॅज कुठे ठेवून दिला तर?"

"तेच तर त्यांनी केलं," तांबोळी म्हणाले. "वर्ष संपत आलं की बॅज ड्रॉवरमध्ये आणि स्वतः आत. कागदावर डोस कमीच दिसायचा. मला फार उशिरा कळलं." त्यांनी रजेचा अर्ज पुढे सरकवला. "एक जानेवारीला मोजणी नव्याने सुरू होते. तोवर त्यांना रजेवर पाठवा. रजेला नातेवाइकाची सही चालते."

"ते कधी कुणाचं ऐकलेत?"

"सांगून बघा. आणि ते थांबले, तर डोस तुम्हाला लागेल. विचार करा."

"तो माझाच आहे," हेमलता म्हणाली, आणि तिने सही केली.

मंजूर रजेची प्रत तिने पाटीशेजारी चिकटवली. दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा उलटी. "रजा मंजूर होऊन माणूस ड्यूटीवर!" मावशी म्हणाल्या. "आमच्या मुकादमाला दाखवा कुणीतरी." हेमलता हसली नाही. मीटर एकोणीस पूर्णांक एकवर होते. पुढच्या सोमवारी एकोणीस पूर्णांक पाच. गुरुवारी एकोणीस पूर्णांक आठ.

शुक्रवारी आयोडीनचा रुग्ण होता. थायरॉइडच्या कॅन्सरच्या एक शिक्षिका, महिनाभर गोळ्या बंद करून आलेल्या, उपाशी बसलेल्या. त्यांना परत पाठवता येत नव्हते. आयोडीनची एक धार म्हणजे शून्य पूर्णांक तीन. तांबोळी रजिस्टर उघडून, पेन हातात धरून बोळात उभे राहिले.

हेमलताने 'हेमलता' पुढे केले. या वेळी ती वळली नाही. मावशींनी एप्रन आणून दिला, तो तिने पाटीकडे तोंड करूनच घातला. पाटी खिळ्यावर हलू लागली. तिने तिच्यावर हात ठेवला.

"अहो," ती हळू म्हणाली, "ड्रॉवर मी तेव्हाच उघडला होता. तुम्ही असताना. बॅज बघितला आणि ड्रॉवर परत लावला. बोलले नाही. माझी धार वाचतेय म्हणून बोलले नाही. आजची माझी. एकदा तरी ठरल्याप्रमाणे वागा."

मावशींचा पोछा थांबला होता. हेमलताने हात काढला आणि आत गेली.

शिशाच्या काचेमागे तिने बाटली उघडली. सेकंद मोजायचे काम दिगंबरांचे होते, ते तिने स्वतःच मोठ्याने मोजले. अकरापाशी तिच्या खिशातले मीटर वर्षात पहिल्यांदा वाजले. ती मोजत राहिली. चाळिसाला तिने झाकण लावले आणि बाहेर आली.

पाटीवर 'हेमलता' होते. बॅजजवळचे मीटर एकोणीस पूर्णांक आठवरच होते. तांबोळींनी पेनाला टोपण लावले. शिक्षिकांना औषध दिले गेले.

डिसेंबरअखेर हेमलताचा डोस पाच पूर्णांक दोन आला. दिगंबरांच्या नावापुढे तांबोळींनी 'रजेवर' असे लिहिले, आणि परत रुजू होण्याच्या तारखेचा रकाना भरला.

एक जानेवारीला ती आली तेव्हा 'दिगंबर' पुढे होते. तिने पाटीला हात लावला नाही.

दोन तारखेला 'हेमलता' पुढे होते. ती एप्रन घ्यायला वळली, मुद्दाम सावकाश घातला, आणि परत आली. नाव तेच होते.

मावशींनी पाटी काढून दोन्ही बाजू ओल्या फडक्याने पुसल्या, आणि जशी होती तशीच टांगली.