भय्यासाहेबांचा विलोचा काढा

"अंगातला सगळा गंज उतरवून टाकतो की नाही बघ! संक्रांतीपर्यंत पंचविशीतला दिसेन!"

भय्यासाहेबांनी हे जाहीर केलं तेव्हा त्यांच्या पत्नी, विनोदिनीबाई, बुटाच्या नाड्या बांधत होत्या. नानाखेडा कॉलनीच्या महिला क्रिकेट संघाच्या त्या कप्तान. गेल्या वर्षी संक्रांत चषकाच्या फायनलला फ्रीगंज भागातल्या बायकांनी त्यांना शून्यावर घरी पाठवलं होतं, आणि तेव्हापासून बाईंना झोपेतही चेंडू दिसत.

"कसला गंज?" त्यांनी विचारलं.

"शरीराला गंज चढतो, विनू! आणि तो उतरवतात अँटिऑक्सिडंट! विलो नावाच्या झाडाच्या सालीत ते ठासून भरलेत. मोबाइलवर आलंय!"

"मोबाइलवर तर आपली लॉटरीही लागली होती," म्हणत बाई बॅट खांद्यावर टाकून सरावाला निघून गेल्या.

बँकेतून निवृत्त झालेला माणूस असल्या टोमण्यांनी खचत नाही! भय्यासाहेबांनी स्कूटर काढली आणि थेट फ्रीगंज गाठलं. जडीबुटीच्या दुकानातला पंसारी नुकताच चहा घेऊन बसला होता.

"भैया, विलो की छाल है?"

"पी लूँगा बाबूजी, अभी तो आई है," पंसारी म्हणाला.

"पी लो नहीं! विलो! विलो!"

"हाँ, तो आप भी पी लो ना! नाराज़ क्यों होते हो?" आणि शेजारच्या टपरीकडे बघून तो ओरडला, "एक कट और भेजना!"

दोन कट चहा पोटात गेल्यावर भय्यासाहेबांनी हातवारे करून सांगितलं, "अरे, वो पेड़! कश्मीर में होता है! जिसके बल्ले बनते हैं!"

"तो बल्ले की दुकान पे जाओ ना बाबूजी! मेरे यहाँ हरड़-बहेड़ा मिलेगा!"

पंसारी चेष्टेनं बोलला, पण भय्यासाहेबांच्या डोक्यात हॅलोजन पेटला! बल्ला! विनूची काश्मिरी विलोची कोरी करकरीत बॅट घरीच होती की! आता साल वेगळी आणि लाकूड वेगळं, हे खरं. पण एकाच झाडाची सख्खी भावंडं ती! एकात गुण असेल तर दुसऱ्यात काय नसेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅट, कानस आणि स्टीलचं ताट घेऊन भय्यासाहेब न्हाणीघरात शिरले. आवाज ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला आणि बॅटची पाठ घासायला सुरुवात केली. पुढून तर कुणाला काही दिसणार नव्हतं! ताटात पडलेला भुसा आलं-गूळ घालून उकळला आणि डोळे मिटून प्यायले. वार्निश केलेल्या खुर्चीला चहात बुडवून चोखावं, तशी चव! म्हणजे नक्कीच औषधी!

आणि काय आश्चर्य! आठवडाभरात भय्यासाहेबांचे दंड टणक झाले, भूक वाढली, जिना ते दोन-दोन पायऱ्या गाळून चढायला लागले. फिरायला येणाऱ्या मंडळींना शर्टाची बाही वर करून ते दंड दाखवत, आणि कुणी बघत नसेल तर स्वतःच बघत!

"अहो, केवढा वेळ आंघोळ! टाकी रिकामी झाली!" विनोदिनीबाई रोज ओरडत. एकदा तर त्यांनी दारातच पकडलं. "आंघोळ करून आलात ना? मग हा घाम कसला?"

"गंज! गंज बाहेर पडतोय!"

तिकडे बाईही खूश होत्या. "माझा हात काय बसलाय म्हणून सांगू! बॅट अगदी पिसासारखी फिरते!"

ती पिसासारखीच झाली होती! फायनलच्या आदल्या दिवशी भय्यासाहेबांनी ती उजेडात धरली. बॅटची पार पापडी झाली होती.

"विनू, उद्या दुसरी बॅट घे ना एखादी."

"छे! हीच माझी लकी आहे!"

फायनलला कॉलनीच्या मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. अंपायर होती भय्यासाहेबांची पुतणी, डॉक्टर अमृता. अंगात दवाखान्यातलाच पांढरा कोट! सामना असा रंगला की शेवटच्या चेंडूवर नानाखेड्याला चार धावा हव्या होत्या. समोर विनोदिनीबाई. मिड ऑनला फ्रीगंजच्या कप्तान वासंतीबाई, पदर खोचून, वाघिणीसारख्या! बायको ती पापडी घेऊन उभी राहिलेली पाहून भय्यासाहेबांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. वर्षभर तिनं पहाटे उठून सराव केला होता, आणि ह्यांनी तो उकळून प्यायला होता!

चेंडू आला. बाईंनी डोळे मिटून बॅट फिरवली. कडाड्! मूठ हातात राहिली आणि पातं भिरभिरत आकाशात गेलं!

उन्हात डोळे दिपलेल्या वासंतीबाईंना वरून काहीतरी येताना दिसलं. "सोडा! माझा कॅच! माझा!" ओरडत त्या धावल्या आणि झेप घेऊन त्यांनी पातं झेललं! "आउट! आउट!" फ्रीगंजचा अख्खा संघ त्यांच्या गळ्यात पडला. एवढ्यात चेंडू आपला सावकाश गडगडत सीमारेषेपलीकडे गेला.

"चार!" अमृतानं हात हलवला.

"चार कसले? कॅच पकड़ा है मैंने!" वासंतीबाई चिडल्या की हिंदीत जात.

"काकू, तुम्ही बॅट पकडलीत!"

नानाखेड्यानं मैदान डोक्यावर घेतलं! पण विनोदिनीबाई त्या पात्याकडे बघत उभ्या होत्या. पाठ आतून पोखरलेली, अगदी होडीसारखी.

"अहो!"

भय्यासाहेब स्कूटरपर्यंत पोचले होते. तिथून त्यांना परत आणण्यात आलं आणि सगळ्यांदेखत सगळं कबूल करावं लागलं.

अमृतानं कपाळावर हात मारला. "काका! विलोच्या सालीत अँटिऑक्सिडंट असतात, खरंय. त्यावर अभ्यासही चाललाय. पण सालीत! बॅट करताना साल सोलून टाकतात हो! तुम्ही तेल पाजलेला भुसा प्यायलात!"

"म्हणजे खरी साल आणायला हवी होती?"

"मुळीच नको! तिचा गुण अ‍ॅस्पिरिनसारखा. तुम्हाला रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. मला न विचारता ती घेतली असती, तर आज मैदानात नाही, दवाखान्यात भेटलो असतो!"

भय्यासाहेबांचा चेहरा उतरला. तरी त्यांनी बाही वर केलीच. "मग हे दंड कसे आले?"

"रोज तासभर कानस चालवलीत ना? व्यायाम झाला!"

 चषक छातीशी धरून विनोदिनीबाई मुकाट स्कूटरवर मागे बसल्या. भय्यासाहेबांना वाटलं, जिंकल्याच्या आनंदात सुटलो!

सकाळी ते उठून बाहेर आले, तर हॉलमध्ये लालभडक गाजरांचा डोंगर! दोन्ही संघांना बाईंनी हलव्याला बोलावलं होतं. डोंगरापुढे परात, किसणी आणि पाट मांडून ठेवलेला.

"बसा," बाई म्हणाल्या. "गाजरातही अँटिऑक्सिडंट असतात. मी अमृताला विचारलंय."

भय्यासाहेबांची कळी खुलली. त्यांनी त्यातल्या त्यात जाडजूड गाजर उचललं. "मग रोज किती खायची?"

"खायची नाहीत, किसायची! फायदा त्यातच आहे, असं डॉक्टरच म्हणाल्या ना?"